घर पाहायला टेम्पोभर माणसं

मी समाजसेवेत पडलो तो जिलबीसाठी. इतर लोक आपल्या आठवणींत या जागी कुणाच्या तरी डोळ्यांतलं पाणी पाहून काळीज हललं वगैरे लिहितात, आणि त्यांचं हललं असेलही. माझ्या बाबतीत पाणी होतं ते तोंडाला. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं की अनाथाश्रमात जाऊन पोरांचा अभ्यास घेतला तर परीक्षेत वरून चार मार्क मिळतात. मी मार्कांसाठी म्हणून गेलो, तर त्या दिवशी तिथं कुणा व्यापाऱ्याच्या नातवाचा वाढदिवस होता, आणि माझ्या पुढ्यात जी जिलबी आली ती ताटाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होती. मी एका टोकाकडून खायला लागलो तेव्हा दुसऱ्या टोकाला पाक अजून खाली उतरत होता. त्यानंतर मी तिथं जो चिकटलो तो कॉलेज सुटेपर्यंत. मार्क मिळाले नाहीत. सर बदलून गेले आणि नव्या सरांना समाजसेवा पटत नव्हती.

तेव्हा आमच्या गावाचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. जालना रोडवरचे खड्डे दोन्ही नावांना ओ देतात. चिकलठाण्याच्या पुढं, कारखान्यांची रांग संपली की डावीकडं एक कच्चा रस्ता आत जायचा आणि विमानतळाच्या कुंपणाला पाठ लावून आमची इमारत बसलेली असायची. बाहेरचे लोक तिला आश्रम म्हणायचे, आतले सगळे घर म्हणायचे. घरावरून विमानं इतकी खालून जायची की गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी विमान आलं की आपणहून खाली बसायच्या. एकदा तर एका हवाई सुंदरीनं खिडकीतून आमच्या कुरडयांकडं पाहून तोंड वाकडं केलेलं मी स्वतः पाहिलंय. पोरांना विमानाचं काही नव्हतं. विमान आलं की ती बोलणं थांबवायची, विमान गेलं की वाक्य जिथं सोडलं होतं तिथून पुढं सुरू करायची. या सवयीमुळं ती पोरं मोठेपणी फार शांत डोक्याची निघाली. माझ्यात ती सवय उतरली नाही, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येईलच.

घर चालवायच्या माई. गोऱ्या, उंच, पांढऱ्या सुती साडीतल्या. त्यांचा आवाज असा की त्या अंगणात 'चपला!' म्हणाल्या की चिकलठाण्याच्या कारखान्यातले कामगारसुद्धा चपला सरळ लावून ठेवत. मी तिथं गणित शिकवायचो, म्हणून पोरं मला सर म्हणायची. माझं गणित पाहता हा त्यांचा चांगुलपणा होता.

आता तिथल्या खाण्याविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा खाण्यातूनच झाला. शहरातला माणूस अनाथ पोरांना जेवण द्यायला निघाला की भाजी-भाकरी देत नाही. तो गोड देतो. वाढदिवसाला जिलबी, बढतीला गुलाबजाम, नव्या दुकानाला बुंदी, आणि वारलेल्या माणसाच्या नावानं खीर-पुरी. आमची पोरं आठवड्यातून चारदा पंगतीला बसायची आणि त्यांची जीभ इतकी तयार झाली होती की एक पोरगं पुरी नुसती वासावरून सांगायचं, 'ही उस्मानपुऱ्याच्या आचाऱ्याची.' पितृपक्षात तर आख्ख्या शहराचे पूर्वज आमच्या पोरांच्या तोंडून जेवायचे. दुपारी एकाचे आजोबा, चारला दुसऱ्याची आई, संध्याकाळी तिसऱ्याचे चुलते. पोरं खीर पाहून रडायची. आमच्या स्वतःच्या घरी पितृपक्ष नव्हता. आजोबांच्या पिढीत आम्ही बौद्ध झालो आणि श्राद्धपक्ष सोडले, त्यामुळं आमच्या पूर्वजांनी स्वतःची सोय स्वतः करायची असा घरचा दंडक होता. मी मात्र पंधरा दिवस दुसऱ्यांच्या पूर्वजांच्या खात्यावर पोट भरून जेवायचो आणि घरी जाऊन आईला भूक नाही म्हणायचो. आई म्हणायची, 'समाजसेवेनं पोरगं सुकलं.'

पंगतीची एक रीत होती. पानं वाढली की पोरं लगेच जेवत नसत. उंचीप्रमाणं रांगेत उभी राहत, हात जोडत, आणि बबी नावाची सात-आठ वर्षांची, दोन शेंड्यांची पोरगी खणखणीत आवाजात पुढचं म्हणायची. दाता जिवंत असला तर, 'अन्नदाते अमुक अमुक यांना', आणि सगळी पोरं, 'उदंड आयुष्य लाभो!' जेवण वारलेल्याच्या नावानं असलं तर, 'कैलासवासी अमुक अमुक यांच्या आत्म्यास', आणि सगळी पोरं, 'शांती लाभो!' असं तीनदा. मग बसायचं. कुणाला काय म्हणायचं ते माई बबीच्या कानात सांगायच्या. माई जवळ नसल्या तर बबी आपली आपण ठरवायची. केक दिसला की आयुष्य, फोटोला हार दिसला की शांती. सोपा नियम होता आणि कधी चुकला नव्हता. हल्ली दाते फोनवर पैसे पाठवतात आणि पोरांचा व्हिडिओ मागतात, असं परवा कुणीतरी सांगितलं. व्हिडिओत नीट दिसावं म्हणून पोरांना पुन्हा एकदा हात जोडायला लावतात म्हणे. आमच्या वेळी एकदाच जोडून भागायचं.

या घराचा स्वयंपाक कमळकडं होता. कमळ म्हणजे तिथंच लहानाची मोठी झालेली मुलगी. तान्ही असताना कुणीतरी सरकारी दवाखान्यात सोडून गेलं, तिथून माईंकडं आली. अठरा वर्षांची झाली की मुलींनी बाहेर पडायचं असा सरकारचा नियम. कमळ अठराची होऊन गेली तरी माईंनी तिला स्वयंपाकीण म्हणून ठेवून घेतलं होतं आणि तपासणीला साहेब आला की तिच्या डोक्यावर पदर द्यायच्या, म्हणजे ती थोराड दिसावी. कमळ सावळी, काटक, कमी बोलणारी. दात्यांचं गोड खाऊन पोरांची तोंडं आंबली की ती सकाळी गुपचूप ज्वारीच्या भाकरी थापायची आणि लाल मिरचीचा ठेचा वाटायची. त्या भाकरीसाठी पोरांची जी मारामारी व्हायची ती जिलबीसाठी कधी झालेली मी पाहिली नाही. माझा तर त्या मारामारीत एक दात हलला. तोच दात मागच्या वर्षी पडला आणि दंतवैद्याला मी कारण सांगितलं, तर त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि फी वाढवून घेतली.

एकदा चिकलठाण्याच्या एका कंपनीतल्या कामगारांनी वर्गणी काढून जेवण दिलं. त्यात अंकुश होता. पाचोडचा पोरगा, टर्नर, चांगला उंचापुरा, कानाच्या पाळ्या मात्र जरा जास्तच मोठ्या. पंगतीत तो वाढायला होता आणि मग जेवायला बसला, तेव्हा त्यानं ताटात निम्मा भात टाकला. कमळ समोर येऊन उभी राहिली. 'टाकायचं होतं तर घेतलं कामून? उठायचं नाय.' अंकुशनं भात संपवला, ताट धुतलं, आणि पुढच्या रविवारी एकटाच पाना घेऊन आला. गळका नळ दुरुस्त करतो म्हणाला. घरात नळ दोनच होते. ते दोन नळ त्यानं सहा-सात महिने दुरुस्त केले. शेवटी शेवटी ते इतके चांगले झाले की त्यांतून पाणीच येईना.

मग एका रविवारी मी स्वयंपाकघरात भाकरीचा तुकडा मिळतोय का पाहत असताना अंकुश दारात येऊन उभा राहिला. हातात पाना नव्हता, म्हणजे बाब गंभीर होती.

'दादा तयार झालेत,' तो म्हणाला. दादा म्हणजे त्याचे वडील, बापूराव. गावात मोसंबीची बाग होती, नुकतेच सोसायटीवर निवडून आले होते. 'पण एक अट घातलीय.'

कमळनं भाकरी उलटली. 'बोला.'

'गावाला सांगायचं की तू माईंची भाची हायेस. आश्रमाचं नाव काढायचं नाय. अन् लग्न झाल्यावर इथलं येणं-जाणं... म्हणजे पोरांनी तिकडं यायचं नाय, तू इकडं यायचं नाय. लोक जात इचारतात गं.'

आमच्या घरात लोकांनी दिलेलं सगळं होतं. जुने स्वेटर होते, एका पायाचे बूट होते, तीन शिवणयंत्रं होती, एक पियानो होता जो वाजत नसे. जात मात्र आजवर कुणी दान केली नव्हती. पोरांना लागेल तेव्हा काय सांगायचं हा प्रश्न माई कायम पुढच्या आठवड्यावर ढकलायच्या.

'म्हंजे मला माहेर नाय,' कमळ म्हणाली.

'हाय ना. माईंचं.'

'अन् ही पोरं?'

अंकुशनं नळाकडं पाहिलं. नळानंही काही सांगितलं नाही. तव्यावरची भाकरी करपली, ते मी त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा पाहिलं. मी ती करपलेली भाकरी खाल्ली, कारण अशा वेळी माणसानं काहीतरी केलं पाहिजे.

माईंनी कमळला समोर बसवलं. 'पोरगा पीत नाही, कमावतो, तुझ्यावर जीव आहे. मी आज आहे, उद्या नाही. तपासणीवाल्यांना मी किती दिवस पदर दाखवू? हो म्हण कमळे. माणसाला सगळं एका ताटात मिळत नाही.' कमळ हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. म्हणाली, 'आधी घर तर पाहून या.' आमच्याकडं सोयरीक ठरायच्या आधी मुलीकडचे लोक मुलाचं घर पाहायला जातात. मुलीनं स्वतः जायचं नसतं. माई जाणार आणि मुलीचा मामा म्हणून मी जाणार असं ठरलं. मी कमळपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेन. मामा दिसावं म्हणून मी मिशी वाढवायला घेतली होती. आठ दिवसांत ती इतकी वाढली की न्हावी दोनदा विचारायला आला.

जायच्या दिवशी सकाळी कमळनं मला अंगणात गाठलं. 'सर, पोरगी काय घर पाहायला जात नसती. पण माझे डोळे तरी जाऊ द्या.'

'किती डोळे?'

'जेवढे हायेत तेवढे.'

सिल्लोडचे सलीमभाई मक्याच्या पोत्यांचा टेम्पो चालवायचे आणि महिन्यातून एक फेरी घरासाठी फुकट करायचे. माई पुढं त्यांच्या शेजारी बसल्या. मागं ताडपत्रीखाली कमळनं घरातली यच्चयावत पोरं भरली. सगळ्यांचे केस विंचरलेले, सगळ्यांचे सदरे धुतलेले. म्हणजे ही तयारी आदल्या दिवसापासूनची होती. सलीमभाईंनी फळी लावताना आत डोकावून पाहिलं. 'भरो, भरो,' ते हळूच म्हणाले. 'बच्चे हैं, वजन कित्ता होता?' मग पुढं जाऊन माईंना म्हणाले, 'चलो माई, गाडी खाली है, उडाताय अब्बी.' पोरं आडूळपर्यंत एक शब्द बोलली नाहीत. तिथं एकाला शिंक आली, तेव्हा माई म्हणाल्या, 'सलीमभाई, तुमच्या गाडीला सर्दी झालीय.'

पाचोडला बाजाराचा दिवस होता. बापूरावांचं घर बाजारपेठेच्या मागंच. स्लॅबचं पक्कं घर, पुढं मोठी ओसरी, आणि ओसरीवर सोयरे येणार म्हणून जमलेली आळी. माई उतरल्या, पदर सावरला, नमस्काराला हात जोडले, आणि मागं फळी पडून टेम्पोतून पोरं उतरायला लागली. ती उतरतच राहिली. माईंचे जोडलेले हात तसेच राहिले.

'ही कोण?' बापूराव म्हणाले. जाड, पिळदार, डोक्याला फेटा.

मामानं पुढं व्हायची हीच वेळ होती. 'मुलीची भावंडं,' मी म्हणालो.

'एवढी?'

'माईंना सहा भाऊ हायेत.'

'अन् हे चार एका वयाचे कसे?'

'दुष्काळ संपून पाऊस झाला ते साल होतं, दादा.'

बापूरावांनी माझ्या मिशीकडं पाहिलं, तिच्यात त्यांना काही सापडलं नाही. ओसरीवरच्या म्हाताऱ्या कोंडीबानं मान डोलावली. 'त्या साली लई झाली व्हती पोरं,' तो म्हणाला. माझं खोटं असं पहिल्या फटक्यात कुणी उचलून धरल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. पोरांना ओसरीवर बसवलं. रीतीप्रमाणं माई आत स्वयंपाकघर पाहायला गेल्या. अंकुश दाराच्या चौकटीला धरून उभा होता, कानाच्या पाळ्या लाल.

त्याची आई, रखमाबाई, पोह्यांचं पातेलं घेऊन बाहेर आली. बारीक, वाकलेली बाई. सोयरे चार येणार म्हणून चार माणसांचे पोहे केले होते. तिनं पोरांकडं पाहिलं, परत आत गेली, आणि थोड्या वेळानं घमेलंभर पोहे घेऊन आली. मधे कांदा चिरल्याचा आवाजसुद्धा आला नाही. ती बाई आत काय करायची हे अजून मला कळलेलं नाही. ताटल्या मांडल्या, पोहे वाढले, वरून शेव टाकली. बापूरावांच्या हातात चहाची बशी दिली.

आणि पोरं उठून उभी राहिली. उंचीप्रमाणं रांग झाली, हात जोडले गेले. मला पुढं काय होणार ते दिसलं, पण माझं तोंड पोह्यांनी भरलेलं होतं. मी आधीच सुरुवात केली होती. बबीनं माईंसाठी इकडंतिकडं पाहिलं, माई नव्हत्या. केक शोधला, केक नव्हता. मग तिनं वर भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर बापूरावांचा मोठा रंगीत फोटो होता. सोसायटीवर निवडून आल्याबद्दल गावानं परवाच सत्कार केला होता, आणि सत्कारातला झेंडूचा हार बापूरावांनी घरी आणून त्या फोटोलाच घातला होता. खाली ठळक अक्षरांत नाव.

'कैलासवासी बापूराव यांच्या आत्म्यास,' बबी म्हणाली.

'शांती लाभो!'

बापूराव फोटोच्या बरोबर खाली बसले होते. बशीतला चहा ओठांपर्यंत आलेला, तो तिथंच थांबला. पोरांनी दुसऱ्यांदा म्हटलं. बाजारातली गर्दी वळून आळीत आली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा एसटी स्टँडवरच्या दोन गाड्यांनी इंजिन बंद केलं.

कोंडीबानं डोक्यावरची टोपी काढली. 'बापू, गेलास कधी?'

'अगं बया,' आळीतली एक बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली, 'ही तर शहरातल्या आश्रमातली लेकरं! माझ्या नणंदेच्या सासऱ्याच्या वर्षश्राद्धाला तिथंच जेवण दिलं व्हतं. अश्शीच म्हणली व्हती!' आणि मग ओसरीभर कुजबुज झाली: आश्रमातली, आश्रमातली. बापूरावांची अट तिथं, त्यांच्याच ओसरीवर, मोडून पडली.

बापूराव उठले. 'मी जित्ता हाये!' ते पोरांवर ओरडले.

बबी घाबरली नाही. तिला नियम माहीत होता. 'मग हार कामून घातला?' ती म्हणाली.

बापूरावांनी वर फोटोकडं पाहिलं. तेवढ्यात एक बारीक आवाज आला, कढईत मोहरी तडतडावी तसा. रखमाबाई हसत होती. घमेलं कमरेवर, पदर तोंडात, पण हसू पदरातून बाहेर येत होतं. 'हसती काय?' बापूराव ओरडले. त्यामुळं ती जास्तच हसायला लागली. खाली बसली, घमेलं मांडीवर घेतलं आणि हसत राहिली. अंकुश म्हणाला, 'आये!' पण तोही फार वेळ टिकला नाही. आळीतल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं. पुढं मला कळलं की रखमाबाई अशी हसते हे त्यांनी लग्नाच्या वरातीनंतर पहिल्यांदाच पाहिलं होतं. हसता हसताच तिनं पोरांना खुणेनं बसा म्हटलं आणि त्यांच्या ताटल्यांत आणखी पोहे टाकले.

माई बाहेर आल्या तोवर बापूरावांनी हार ओढून काढला होता. 'माई, उठा,' ते म्हणाले. 'सोयरीक झाली नाय असं समजा.' माईंनी पोहे खाऊ दिले. पोरांनी ताटल्या धुऊन ओसरीच्या कडेला रचून ठेवल्या, कारण ती कमळच्या हाताखाली वाढली होती. परतीच्या वाटेवर माई आडूळच्या पुढं कुठंतरी एवढंच म्हणाल्या, 'एका चहात स्थळही मोडलं आणि माणूसही मारला.' सलीमभाई म्हणाले, 'माई, आदमी तो जिंदा है. वो अच्छा हुआ.' टेम्पोत बबी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तिची काहीच चूक नव्हती, म्हणून मी नाही सांगितलं.

कमळ अंगणात उभी होती. तिनं आमची तोंडं पाहिली. पोरं तिच्याभोवती जमून सांगायला लागली. विहिरीला मोटर आहे, टीव्ही आहे, अंगणात दोन बकऱ्या आहेत, दादा ओरडला, पोहे गोड नव्हते. विमान आलं, सगळी गप्प झाली. विमान गेलं आणि बबी म्हणाली, 'सासू हसली. तो ओरडला तरी हसतच व्हती. अन् परत वाढलं.'

'हसली?' कमळ म्हणाली.

'लई.'

कमळनं मान हलवली आणि आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही हे मला दुसऱ्या दिवशी माईंनी सांगितलं. पुढं दोन रविवार अंकुश आला नाही. कमळ पोरांना वाढायची, भांडी घासायची, आणि भाकरी पहिल्यासारखीच गोल थापायची. पण दारात कुणाची सायकल वाजली की तव्यावरचा हात क्षणभर थांबायचा. तिनं पोरं पाठवली तेव्हा असं होईल हे तिला माहीत होतं का, हे मी इतक्या वर्षांत तिला विचारलेलं नाही. आता या वयात विचारलं तर ती खरं सांगेल, आणि मग मला माझी गोष्ट बदलावी लागेल.

तिसऱ्या रविवारी रखमाबाई एकटी आली. चिकलठाण्याला एसटीतून उतरून विचारत विचारत, डोक्यावर मोसंबीचं गाठोडं घेऊन. माईंना नमस्कार करून ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि कमळच्या समोर फतकल मारून बसली. मी तिथंच होतो. मी त्या स्वयंपाकघरात नेहमी तिथंच असायचो.

'तूच का कमळ?'

'व्हय.'

'मालकांनी नाय म्हणलंय.'

'म्हाईत हाय. मग तुम्ही कामून आल्या?'

'मी त्यांना इचारून आले नाय.'

कमळनं पीठ मळता मळता तिच्याकडं पाहिलं. 'मालक रागावतील.'

'रागावू दे. त्यांच्या आत्म्याला शांती लाभलीया,' रखमाबाई म्हणाली आणि पुन्हा पदर तोंडात गेला. मग पदर काढून म्हणाली, 'अंकुश जेवत नाय नीट. कंपनीतून येतो अन् नळापाशी बसतो. तुला यायचंय का सांग.'

'यायचंय,' कमळ म्हणाली. ती एवढ्या पटकन काही म्हणाल्याचं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. 'पण मला लपून नाय यायचं, आत्याबाई. अन् माझी पोरं यायची.'

'लपवायचं काय राहिलंय बाई? सगळा पाचोड म्हणतोय. बाजारात भाजीवाली मला म्हणाली, रखमा, तुझी सून आश्रमातली का? मी म्हणलं व्हय. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडली. चौथ्यांदा नाय अडली.' तिनं गाठोडं सोडलं. 'मालकांनी दुसरी पोरगी आणली तरी गाव हेच म्हणणार. एवढं समजावलं तर ते गप बसलेत. गप बसलेत म्हंजे हो म्हणलेत. मला म्हाईत हाय त्यांचं.'

लग्न घराच्याच अंगणात झालं. अक्षता पडायच्या वेळी विमान आलं आणि भटजी अर्ध्या मंगलाष्टकात थांबले, पोरं सवयीनं थांबली, आणि विमान गेल्यावर सगळ्यांनी मिळून उरलेलं अर्धं पुरं केलं. मामा म्हणून मी नवरीच्या मागं उभा होतो. मिशी त्या दिवशी इतकी भरघोस होती की व्याह्यांकडच्या पाहुण्यांनी आधी मलाच माईंचा नवरा समजून मानपान केला. बापूराव एका खुर्चीत बसून होते, कुणाशी बोलले नाहीत, पण तीनदा भात घेतला. ताटात काही टाकलं नाही, हे मी पाहिलं.

नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाताना माहेरची एखादी मुलगी किंवा बाई सोबत देतात, तिला पाठराखीण म्हणतात. पाठराखीण एक असते. माईंनी बबीला नेमलं. गाडी सुटायच्या वेळी पाहिलं तर घरातल्या सगळ्या मुली गाडीत आणि अर्धे मुलगेही. 'उतरा,' माई म्हणाल्या. 'राहू द्या,' रखमाबाई म्हणाली. बापूराव पुढच्या सीटवर बसले होते, त्यांनी मागं वळून पाहिलं, आणि पुन्हा समोर पाहायला लागले.

पाच-सहा दिवसांनी मामा म्हणून मी त्यांना परत आणायला गेलो. त्या दिवसांत पोरांनी बापूरावांची सगळी ज्वारी संपवली होती, बकऱ्यांना नावं ठेवली होती, आणि बबी रोज सकाळी बापूरावांना पाणी देताना विचारायची, 'दादा, आज बरं वाटतं का?' त्यांचं तिनं जरा मनावर घेतलं होतं. निघायच्या वेळी कमळ दाराशी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती पोरांच्या सदऱ्यांच्या गुंड्या लावत होती, लावलेल्या पुन्हा लावत होती.

'स्टँडपर्यंत कसे जाणार एवढे?' बापूराव म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. मग त्यांनी ट्रॅक्टर काढला आणि ट्रॉली जोडली. आम्ही सगळे ट्रॉलीत चढलो. मागच्या वाटेनं स्टँडला लवकर पोचता येत होतं, बांधावरून, लोकांची नजर नाही. ट्रॅक्टर त्या वाटेच्या तोंडाशी आला, जरा थांबला, आणि सरळ बाजारपेठेत घुसला. बाजाराचा दिवस होता. दोन्ही बाजूंना दुकानं, बैलं, बाया, आख्खा पाचोड. माणसं बाजूला होत होती आणि ट्रॉलीकडं पाहत होती. पारावर कोंडीबा बसला होता.

'बापू,' तो ओरडला, 'ट्रॉलीत काय भरलंस? मोसंबी का?'

मी आजवर पुष्कळ काही सांगितलंय आणि त्यातलं निम्मं तुम्ही सोडून दिलंत तरी माझं काही म्हणणं नाही. पण हे मी ट्रॉलीत पुढंच बसून ऐकलंय. बापूरावांनी ट्रॅक्टर थांबवला, इंजिनच्या आवाजावर आपला आवाज जाईल इतक्या जोरानं, सगळ्या बाजाराला ऐकू येईल असं सांगितलं:

'सुनेचं माहेर!'